दारातून मारलेली हाक : युद्धावरून आलेला नवरा आणि शेजारी जागी असलेली बायको

आजचा भाग रात्री ऐकणार असाल तर हेडफोन लावा. शेजारी कुणीतरी झोपलेलं असेल, आणि आजचा विषयच झोपेचा आहे.

काही आठवड्यांपूर्वी एका श्रोत्या मुलीचा मेसेज आला. सातारा जिल्ह्यातली आहे, वडील मराठा पलटणीतून पेन्शनवर आलेले. तिनं लिहिलं होतं, "दादा, तुम्ही लढाया सांगता, तारखा सांगता, छान वाटतं. पण आमच्या घरात एक नियम आहे. बाबांना झोपेतून उठवायचं असेल तर अंगाला हात लावायचा नाही. आई दारात उभी राहते आणि तिथूनच हाक मारते, 'अहो, पाच वाजले.' लहानपणी वाटायचं सगळ्यांच्या घरी असंच असतं. लग्न झाल्यावर कळलं की नसतं. या नियमाला काही इतिहास असतो का हो?"

असतो. चांगला चारशे वर्षांचा, लिहून ठेवलेला. फक्त तो लढायांच्या पुस्तकात सापडत नाही, कारण तो रणांगणावर घडलेलाच नाही. तो घडला पलंगाच्या दुसऱ्या बाजूला.

सुरुवात एका नाटकापासून करू. साल साधारण १५९६-९७. शेक्सपिअरचं 'हेन्री द फोर्थ', पहिला भाग. त्यात हॉटस्पर नावाचा एक तापट, शूर सरदार आहे. त्याची बायको लेडी पर्सी, घरात केट. दुसऱ्या अंकात ती नवऱ्याला गाठते आणि विचारते, की मी असा काय गुन्हा केला म्हणून पंधरा दिवस तुम्ही मला जवळ येऊ दिलं नाही? तुमचं जेवणात लक्ष नाही, झोप गेली आहे, नजर जमिनीला लागलेली असते, एकटे बसलेले असता आणि मध्येच दचकता. मग ती रात्रीचं सांगते. तुमची झोप सावध असते, मी शेजारी जागी राहून बघते. तुम्ही झोपेत लढाईचं पुटपुटता. घोड्याला हुकूम सोडता. खंदक, तंबू, तोफा, कैदी, मेलेले शिपाई, सगळं तुमच्या तोंडून येतं, आणि कपाळावर घामाचे थेंब साचलेले असतात.

आता हॉटस्पर काय उत्तर देतो? काहीच नाही. नोकराला हाक मारतो आणि घोड्याची चौकशी करतो!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो होतो. अशा नवऱ्यांना आपण सगळेच ओळखतो. नंतर कळलं की हा उतारा डॉक्टरसुद्धा गंभीरपणे वाचतात. जोनाथन शे हे बोस्टनचे मनोविकारतज्ज्ञ व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करायचे. १९९४ साली आलेल्या 'अकिलीस इन व्हिएतनाम' या पुस्तकात त्यांनी केटचं हे बोलणं एका बाजूला ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला आजच्या पीटीएसडीची लक्षणं मांडली. पीटीएसडी म्हणजे भयंकर प्रसंगातून गेल्यावर मनावर राहणारा आघाताचा आजार. जवळजवळ ओळीला ओळ जुळली.

आणि इथे एक गोष्ट लक्षात घ्या. झोपेत आपण काय बडबडतो, हात कसे झाडतो, हे झोपलेल्या माणसाला ठाऊक नसतं. डॉक्टर रात्री दोन वाजता घरी नसतो. साक्षीदार एकच, बायको. आजाराला नाव मिळण्याच्या कितीतरी आधी तिनं तो पाहिला होता. तिला कुणी विचारलं नाही, एवढंच.

कारण डॉक्टर बराच काळ छातीच तपासत होते. अमेरिकन यादवी युद्धानंतर, १८७१ मध्ये, जेकब दा कोस्टा यांनी तीनशेवर सैनिकांचा अभ्यास छापला. धडधड, धाप, थकवा, आणि हृदयात म्हणावा असा दोष नाही. त्यालाच पुढे 'सोल्जर्स हार्ट' म्हणू लागले. सैनिकाचं काळीज. नाव सुंदर आहे, पण दुखणं तिथे नव्हतं.

मग पहिलं महायुद्ध. फेब्रुवारी १९१५ मध्ये चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तीन सैनिकांची हकीकत छापली आणि 'शेल शॉक' हा शब्द छापील वैद्यकात आला. तोफगोळा जवळ फुटला, मेंदू हादरला, अशी कल्पना. पुढे गोळ्याच्या आसपासही नसलेली माणसं तीच लक्षणं घेऊन येऊ लागली, तसं ब्रिटिश सैन्य घाबरलं. १९१७ मध्ये हा शब्द वापरूच नका असा हुकूम निघाला. त्याऐवजी कागदावर लिहायचं, 'अजून निदान नाही, मज्जातंतूंचं काहीतरी'. कागदावरचा शब्द बदलला म्हणून घरातली रात्र बदलत नाही, पण सरकारी कामकाज असंच चालतं.

या युद्धात आपली माणसंही होती. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूतच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली. तिच्यात मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. वेढा १४७ दिवस चालला, माणसांनी घोडे-खेचरं खाऊन दिवस काढले आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. पुढे तुर्कांची कैद, वाळवंटातली पायपीट. बरेच परत आलेच नाहीत. जे आले ते सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडच्या वाड्यावस्त्यांवर आले. रात्री ओरडत उठणाऱ्या माणसाला आपल्याकडे शब्द काय? 'धसका घेतलाय.' नाहीतर बाहेरचं लागलंय, अंगारा लावा. अंगाऱ्याला हसू नका. लंडनमधल्या बड्या डॉक्टरांकडेही तेव्हा फार काही वेगळं नव्हतं.

त्यांच्याकडे एक सल्ला मात्र होता : विसरून जा. चांगलं काहीतरी आठव. युद्धाचा विषय काढू नकोस. डॉक्टर तेच सांगत, मित्र तेच, घरचे तेच. याला अडवलं डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी. स्कॉटलंडमध्ये एडिंबराजवळ क्रेगलॉकहार्ट नावाचं अधिकाऱ्यांचं रुग्णालय होतं, तिथे ते डॉक्टर. कवी सिग्फ्रिड ससून त्यांचाच पेशंट. १९१८ साली छापलेल्या निबंधात रिव्हर्स यांनी मांडलं, की दिवसभर जे दाबून ठेवता तेच रात्री उसळून वर येतं.

त्यांनी सांगितलेला एक प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही. एका तरुण अधिकाऱ्याचा जिवलग मित्र स्फोटात मेला होता, देहाच्या चिंधड्या झालेल्या यानं पाहिल्या होत्या. रोज रात्री तेच स्वप्न. रिव्हर्स यांनी त्याला 'विसर' म्हटलं नाही. ते म्हणाले, देहाची जी अवस्था तू पाहिलीस, तीच सांगते की मित्राला वेदना झाल्याच नाहीत, तो त्याच क्षणी गेला. काही दिवस स्वप्न आलं नाही. मग एका रात्री आलं. तोच देह, तशाच चिंधड्या. पण या वेळी तो घाबरला नाही. मित्राशेजारी गुडघ्यावर बसला आणि घरच्यांना पाठवायला त्याच्या वस्तू गोळा करू लागला.

स्वप्न गेलं नाही, स्वप्नातलं त्याचं वागणं बदललं. हे लक्षात ठेवा, शंभर वर्षांनी परत येणार आहे.

त्याच काळातली बायको भेटते व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 'मिसेस डॅलोवे' या १९२५ च्या कादंबरीत. सेप्टिमस युद्धातून आलेला, त्याची बायको रेझिया. इटलीची, टोप्या शिवणारी, लंडनमध्ये तिला आपलं म्हणावं असं माणूस नाही. एक डॉक्टर तिला सांगतो, याला काहीही झालेलं नाही, जरा बाहेरच्या गोष्टींत लक्ष गुंतव. म्हणून ती बिचारी बागेत बसून 'ते बघ, हे बघ' करत राहते. दुसरा मोठा डॉक्टर म्हणतो, याला तुझ्यापासून लांब, विश्रांतिगृहात ठेवू. ती त्याला वाचवू शकत नाही. पण शेवटच्या दुपारी दोघं मिळून एका टोपीवर फुलं मांडतात आणि थोडा वेळ खळखळून हसतात. बाहेरून आलेल्या कुठल्याच उपायाला जे साधलं नाही ते त्या टोपीला साधलं. मला ते पान डॉक्टरांच्या सगळ्या अहवालांपेक्षा खरं वाटतं.

दुसरं महायुद्ध भराभर उरकतो, फक्त एक सिनेमा सांगतो. 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज', १९४६, ऑस्करमध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट. फ्रेड हा बॉम्बर विमानातला माणूस झोपेत जळत्या विमानाबद्दल ओरडतो. सोबत्याची मुलगी पेगी ते ऐकून येते, त्याला शांत करते, परत निजवते. त्याची स्वतःची बायको मात्र म्हणते, आता यातून बाहेर पड की! आपण थिएटरात लगेच पेगीच्या बाजूचे होतो. पण एक सांगू? पेगीनं एक रात्र काढली होती. वर्षानुवर्षं रात्री काढणाऱ्या बाईच्या तोंडून एखाद दिवशी 'बास झालं आता' निघालं तर तिला खलनायिका ठरवण्याची घाई करू नये.

आता व्हिएतनाम. १९७० च्या शेवटी न्यूयॉर्कमध्ये परतलेले सैनिक छोट्या गटांत बसून बोलू लागले. त्यांना म्हणत 'रॅप ग्रुप'. गाण्यातला रॅप नव्हे, मंडळी, मनमोकळ्या गप्पा. रॉबर्ट जे लिफ्टन आणि हाइम शटान हे दोन मनोविकारतज्ज्ञ त्यात बसत. १९७२ मध्ये शटान यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये 'पोस्ट-व्हिएतनाम सिंड्रोम'वर लेख लिहिला. बरीच भांडणं, बैठका झाल्या, आणि १९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत पीटीएसडी हा शब्द छापला गेला. दचकून उठणं, वाईट स्वप्नं, सतत सावध राहणं, सगळं लक्षणांच्या यादीत. केटची यादी अखेर सरकारदरबारी पोचली.

सैनिकाला नाव मिळालं. बायकोला?

रॉबर्ट मेसन १९६५-६६ मध्ये व्हिएतनाममध्ये हेलिकॉप्टर चालवत होता. परत आला तो झोप हरवून, रात्री दचकून उठणारा. १९८३ मध्ये त्याचं 'चिकनहॉक' हे पुस्तक आलं आणि गाजलं. त्याची बायको पेशन्स मेसन. नावाचाच अर्थ धीर, आणि ही काही माझी कल्पना नाही! १९९० मध्ये तिनंही पुस्तक लिहिलं, 'रिकव्हरिंग फ्रॉम द वॉर'. त्याच्या उपशीर्षकात हे बायकांसाठीचं मार्गदर्शन आहे असं म्हटलंय आणि मदत कुणाला करायची त्यांचा क्रम दिलाय : तुमचा व्हिएतनामहून आलेला माणूस, तुमचं कुटुंब, आणि तुम्ही स्वतः. तोवरच्या शंभर वर्षांत डॉक्टरांच्या कागदांत बायको आलीच तर नवऱ्याची सेवा करणारी म्हणून यायची. 'आणि तुम्ही स्वतः' हे शब्द एका बायकोलाच लिहावे लागले.

त्याच सुमारास संशोधकांनीही अखेर बायकांना विचारलं. व्हिएतनामच्या सैनिकांच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत ३७६ बायका आणि जोडीदारांच्या मुलाखती झाल्या. १९९२ मध्ये निष्कर्ष आले : जिथे नवऱ्याला पीटीएसडी, तिथे संसारात ताण जास्त, घरात हिंसा जास्त, मुलांच्या वागण्याच्या तक्रारी जास्त, आणि बायका स्वतः कमी सुखी, खचलेल्या.

आता त्या साताऱ्याच्या आईच्या नियमाकडे येऊ.

युद्धात राहिलेल्या माणसाची झोप म्हणजे पहाऱ्यावरची डुलकी. भांडं वाजलं, उठला. त्यात स्वप्न चालू असताना खांद्यावर हात पडला, तर तो हात बायकोचा आहे हे कळायला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात अंग आपोआप लढतं. म्हणून आज अशा कुटुंबांना सांगतात, की हात लावू नका, हलवू नका. लांबून, पलंगाच्या पायथ्याकडून किंवा दारातून, नावानं किंवा नेहमीच्या हाकेनं उठवा, दिवा लावा, आणि जागा झाला की साधं सांगा : तुम्ही घरी आहात, मी अमुक, पहाटेचे पाच वाजलेत. 'काय दिसलं?' हा प्रश्न रात्री तीनला विचारायचा नाही. सकाळी चहाच्या वेळी तो बोलला तर ऐकायचं. आणि वेगळ्या पलंगावर झोपणं म्हणजे संसार मोडणं नव्हे. मला तर शंका येते की हॉटस्पर पंधरा दिवस लांब राहिला तो केटला इजा होऊ नये म्हणूनच. शेक्सपिअरनं तसं कुठे म्हटलेलं नाही, ही माझी भर.

उपचार काय? एक पद्धत अशी : दिवसाउजेडी, पूर्ण जागं असताना ते स्वप्न लिहायचं, त्यातला काही भाग आपल्या मनानं बदलायचा आणि बदललेलं स्वप्न रोज थोडा वेळ मनात घोळवायचं. रिव्हर्सचा अधिकारी आठवला? त्याच्या बाबतीत ते आपसूक घडलं होतं, आता ते शिकवतात. निद्रानाशासाठी झोपेच्या सवयींवरची थेरपी आहे. उठण्याची वेळ रोज एकच, झोप आली तरच अंथरुणावर, आणि तिथे पडून मोबाइल नाही. (हे तुम्हालाही लागू आहे.) दारूनं डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री झोप मोडते, म्हणून तो उपाय नव्हेच. घोरता घोरता श्वास अडकत असेल तर तो वेगळा आजार, त्याची वेगळी तपासणी, आणि तेही आधी बायकोलाच ऐकू येतं. रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध दुःस्वप्नांवर बरीच वर्षं देत आलेत. पण २०१८ मध्ये ३०४ माजी सैनिकांवरच्या चाचणीत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. काही डॉक्टर काही रुग्णांना ते अजूनही देतात, पण शेजाऱ्याला गुण आला म्हणून आपण आणून घ्यायची ती गोळी नव्हे.

आता सगळ्यात अवघड भाग. बायको प्रेमापोटी घर बदलत जाते. लग्नकार्याला जायचं नाही, कारण गर्दी. दिवाळीत फटाक्यांचा आवाज नको म्हणून दारं बंद. टीव्हीवर बातम्या लागल्या की चॅनेल बदल. मुलांना 'शूऽऽ'. एकेक गोष्ट बरोबरच असते. पण वर्षांनी घर इतकं लहान होतं की त्याला बाहेर पाऊल टाकायची वेळच येत नाही, आणि भीती तिथेच मुरते. 'विसरून जा' या जुन्या सल्ल्याचंच हे मायेचं रूप. म्हणून आता नवरा-बायकोला एकत्र बसवून उपचार करतात. कँडिस मॉन्सन आणि सहकाऱ्यांनी ४० जोडप्यांवर अशी थेरपी तपासली, २०१२ मध्ये निकाल छापले. आजाराची लक्षणं कमी झाली आणि रुग्णांना आपलं नातंही अधिक समाधानाचं वाटू लागलं. टाळलेल्या गोष्टी दोघांनी मिळून, हळूहळू परत करून बघायच्या. म्हणजे पुढच्या लग्नाला जायचं, पण दाराजवळच्या खुर्चीत बसायचं आणि अर्ध्या तासात निघालं तरी चालेल असं आधीच ठरवायचं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलतो. झोपेत हात उडणं वेगळं आणि जागेपणी मारहाण वेगळी. दुसरी गोष्ट 'त्यांना त्रास आहे' म्हणून सोसायची नाही. घरात बंदूक असेल तर ती झोपायच्या खोलीत नको. आणि तो मरणाची भाषा करत असेल तर सकाळची वाट बघू नका, लगेच मदत मागा.

अमेरिकेत मे २०१० मध्ये कायदा झाला. जखमी सैनिकाला सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला दरमहा मानधन, प्रशिक्षण, समुपदेशन आणि थोडी सुट्टी. पण मानधन फक्त ११ सप्टेंबर २००१ नंतरच्या सैनिकांच्या घरच्यांना! व्हिएतनामच्या बायकांसाठी ते दार ऑक्टोबर २०२० मध्ये उघडलं. १९६६ साली नवरा परत आला असेल तर चौपन्न वर्षांनी. तोवर ती पंचाहत्तरीची झालेली.

आपल्याकडे टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास, मराठीतही बोलतात. सैन्यदलातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तिचा खास कक्ष पुण्यात, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, १ डिसेंबर २०२३ पासून सुरू झाला. माजी सैनिकांच्या घरात ईसीएचएसचं कार्ड असतं, ते फक्त गुडघ्यांसाठी आणि मोतीबिंदूसाठी नसतं.

हे सगळं जमवत असताना मी त्या मुलीला म्हटलं होतं, नियम कुणी केला ते आईलाच विचार. परवा तिचा व्हॉइस मेसेज आला. आई म्हणाली, "लग्नानंतर पहिल्या सुट्टीत मी त्यांना खांद्याला धरून हलवलं. त्यांनी माझं मनगट पिरगाळलं. मग जागे झाले आणि उजाडेपर्यंत माझ्या हाताला हळद लावत बसले. तेव्हापासून दारातून. मला कुणी शिकवलं नाही."

मुलीनं तिला पुढे विचारलं, आई, तू स्वतः नीट झोपतेस का गं? आई म्हणाली, "माझं काय, दूध उतू जाईल, बघ जा." घोड्याची चौकशी, दुसरं काय!

मुलगी या रविवारी माहेरी जाणार आहे. १४४१६ ला फोन लावायचा ठरलाय, आधी आईच्या झोपेसाठी. बाबांचं नंतर बघू, म्हणते. भेटू पुढच्या भागात.